साहित्य संमेलनाची प्रसिद्धी : नौपाड्यातील एका सेवेचा अनुभव

आमच्या गावच्या साहित्य संमेलनाची समाजमाध्यमांवरील प्रसिद्धी यंदा आम्ही ठाण्यात नौपाड्यातील एका छोट्या संस्थेकडे सोपवली होती. भपकेबाज जाहिरातींऐवजी त्यांनी वाचनालयातल्या जुन्या पुस्तकात चिकटवलेली, तारखांच्या शिक्क्यांनी भरलेली चिठ्ठी जवळून दाखवणारी अर्ध्या मिनिटाची रील केली आणि ती पाहून, १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय जपणाऱ्या ठाण्यातले वाचक आपणहून चौकशी करू लागले, याचे मला फार अप्रूप वाटले. २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झालेल्या भिलारला पाचगणी-महाबळेश्वरचे पर्यटक आयतेच लाभतात. आडवाटेच्या गावाला मात्र एसटीच्या वेळा आणि मुक्कामाची सोय आधी सांगावी लागते, आणि नेमकी तीच माहिती शेवटच्या आठवड्यापर्यंत टाकली गेली नाही. पुढच्या वर्षीही काम त्यांनाच द्यावे, पण वेळापत्रक पहिल्याच पोस्टमध्ये घालून घ्यावे.