पीजीच्या सीटसाठी पीएचडी करावी का? भारत, ब्रिटन आणि अमेरिका

संशोधनाची आवड असलेले एमबीबीएसचे इंटर्न हमखास विचारतात, ‘आधी पीएचडी केली तर पीजीला (एमडी-एमएसला) हवी ती ब्रँच मिळेल का?’ याचं उत्तर कुठे अर्ज करणार, यावर ठरतं.

भारतात प्रवेशापुरता फायदा शून्य. नीट-पीजीचे २०० प्रश्न, ८०० गुण आणि त्यावरची रँक; एम्ससारख्या संस्थांच्या आयएनआय-सीईटी या प्रवेश परीक्षेतही रँकच. रेडिओलॉजीसाठी लॅबमध्ये वर्षं घालवायचा विचार असेल, तर ती वर्षं सरळ अभ्यासाला द्या.

ब्रिटनमध्ये मात्र बारकाईने पाहावं लागतं. जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या ट्रेनिंगची निवड एमएसआरए या परीक्षेच्या गुणांवर होते, तिथे पीएचडी मोजली जात नाही. पोर्टफोलिओ पाहणाऱ्या काही शाखांनी डॉक्टरेटला गुण दिले आहेत, पण हे तक्ते वरचेवर बदलतात. फाउंडेशन प्रोग्रॅमने (पदवीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांच्या ट्रेनिंगने) तर जादा पदव्यांचे गुण २०२३ च्या प्रवेशापासून काढूनच टाकले. आज गुणांसाठी सुरू केलेली पीएचडी पुरी होईपर्यंत ते गुण राहतीलच असं नाही. आपली एमडी दाखवून ते मिळवता येतील, हाही गैरसमज आहे. तिथली एमडी संशोधनाची पदवी आहे, आपली क्लिनिकल.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती क्रेस्ट फॉर्मची, म्हणजे ट्रेनिंगसाठी लागणारी क्लिनिकल कौशल्यं डॉक्टरकडे आहेत याच्या दाखल्याची. बाहेरून आलेल्या डॉक्टरला हा फॉर्म अशा कन्सल्टंटकडून (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरकडून) भरून घ्यावा लागतो, ज्याच्या हाताखाली त्याने सलग किमान तीन महिने काम केलं आहे, आणि तेही ट्रेनिंग सुरू होण्याआधीच्या साडेतीन वर्षांत. पीएचडीपायी चार वर्षं रुग्णांपासून पूर्ण दूर राहिलात, तर पीएचडी हातात असूनही अर्ज अडकतो. त्यात जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारने स्वतःच्या पदवीधरांना प्राधान्य देण्याचं जाहीर केलं. ती दरी पीएचडीने भरून निघेल असं मला वाटत नाही.

ट्रेनिंगमध्ये शिरल्यावर चित्र उलटतं. अ‍ॅकॅडमिक क्लिनिकल फेलोशिपमध्ये २५ टक्के वेळ संशोधनाला मिळतो. पुढे ट्रेनिंगमधून साधारण तीन वर्षं बाहेर पडून पीएचडी करता येते, आणि क्लिनिकल लेक्चरर व्हायचं तर डॉक्टरेट लागतेच. म्हणून ब्रिटनसाठी माझा कौल स्पष्ट आहे: आधी ट्रेनिंग, मग पीएचडी.

अमेरिकेत पीएचडीला खरं वजन आहे, पण मोजक्या जागी. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ (तिथल्या यूएसएमएलई परीक्षेचा पहिला टप्पा) फक्त पास-नापास झाल्याने संशोधनाचे पेपर आणि तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं जास्त पाहिली जातात. फिजिशियन-सायंटिस्ट (डॉक्टर आणि संशोधक दोन्ही होण्याच्या) मार्गावर तर पीएचडीधारकच हवे असतात. इंटर्नल मेडिसिनच्या रिसर्च पाथवेत तीन वर्षांची क्लिनिकल रेसिडेन्सी (तिथलं पीजी ट्रेनिंग) दोनवर येते आणि पुढची तीन वर्षं संशोधनाची. उलट बाजू अशी, की बरेच प्रोग्रॅम एमबीबीएस होऊन किती वर्षं झाली ते पाहून अर्ज बाजूला काढतात, आणि तिथली पीएचडी पाच वर्षं सहज खाते. नुसती रेसिडेन्सी हवी असेल, तर चांगल्या विभागात एक-दोन वर्षांची रिसर्च फेलोशिप पुरे.

आयुष्यभर प्रश्न शोधत लॅबमध्ये रमणार असाल, तर पीएचडी जरूर करा. ती वर्षं वाया जात नाहीत. फक्त नाव नोंदवण्याआधी गाइडला विचारा, मध्ये सलग काही महिने वॉर्डात काम करू देणार का. नाही म्हणाले तर दुसरा गाइड शोधा.