बोडनसे की इसिक-कूल: गाइडचे पैसे कुठे वसूल होतात?

आठवडाभराची रजा आहे, सायकलची सवय आहे आणि पहाडांच्या पायथ्याच्या एखाद्या सरोवराला पूर्ण प्रदक्षिणा घालायची आहे. अशा वेळी आपल्याकडची मंडळी बहुधा दोन तळ्यांपाशी अडतात. एक जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं बोडनसे, दुसरं किरगिझस्तानातलं इसिक-कूल. दोन्हीकडे गाइडसह सहली मिळतात. माझं मत आधीच सांगते: बोडनसेला गाइडची गरज नाही आणि इसिक-कूलला गाइडशिवाय पहिली फेरी करू नये. बाकीची तुलना या एका मुद्द्याभोवतीच फिरते.

बोडनसेची फेरी साधारण २६० किलोमीटरची. उंची जेमतेम ३९५ मीटर, रस्ता बहुतेक सपाट आणि बराचसा भाग मोटारींपासून वेगळा. निळं मागचं चाक असलेल्या सायकलस्वाराच्या पाट्या पूर्ण वाटभर लावलेल्या आहेत, त्यामुळे चुकायचं म्हटलं तरी जमत नाही. कोन्स्टान्सहून निघून मेअर्सबुर्ग, झेपेलिन संग्रहालयाचं फ्रीडरिक्सहाफेन, बंदराच्या तोंडाशी दगडी सिंह बसवलेलं लिंडाऊ, मग ब्रेगेन्झ, ऱ्हाइनचा त्रिभुज प्रदेश आणि स्विस काठानं परत. रोज ४० ते ५० किलोमीटर केले तरी सहा दिवसांत आरामात होतं. पाय दुखले तर स्विस काठाला लागून रेल्वे आहे, फ्रीडरिक्सहाफेनहून रोमान्सहोर्नला फेरीबोट आहे आणि दोन्हींत सायकल नेता येते.

मग गाइड करणार काय? सामान एका हॉटेलातून दुसऱ्यात पोचवणाऱ्या कंपन्या तिथे आहेत, पैसे तेवढ्यालाच द्यावेत. वाचलेल्या पैशांत राइशेनाऊ बेटावरची जुनी मठाची चर्चं बघायला एक जादा मुक्काम करा. स्विस काठावर जेवण आणि खोली दोन्ही महाग, म्हणून शक्य तितक्या रात्री जर्मन किंवा ऑस्ट्रियन बाजूला काढाव्यात. त्याच स्विस काठावरच्या थुर्गाऊ परगण्याला तिथले लोक 'मोस्टइंडियन' म्हणतात. मोस्ट म्हणजे सफरचंदाचा रस. एप्रिल-मेमध्ये इथल्या सफरचंदाच्या बागा फुलतात तेव्हा बोडनसे सगळ्यांत देखणं असतं.

एकच सावधगिरी, वादळाची. काठावर जागोजाग केशरी दिवे आहेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर सावध राहायचं, ९० वेळा लुकलुकले तर वादळ येतंय. ही सूचना मुळात होड्यांसाठी असते, पण पोहायला उतरलेल्या सायकलवाल्यानंही ती पाहिलेली बरी.

इसिक-कूलचा मामलाच वेगळा. १,६०७ मीटर उंचीवर सुमारे १८० किलोमीटर लांब पसरलेलं, किंचित खारं पाणी, खोली ६६८ मीटर. उत्तरेला कुंगेय आणि दक्षिणेला तेरस्केय अला-तूच्या बर्फाळ रांगा, तरी हिवाळ्यातही ते गोठत नाही. नावाचा अर्थच 'उष्ण सरोवर'. सातव्या शतकात चिनी प्रवासी युआन श्वांग भारताकडे येताना याच्या काठानं गेला आणि पाणी काळपट-हिरवं, चवीला कडू-खारट असल्याचं लिहून गेला. पुढे हाच माणूस दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला आणि इथल्या लोकांबद्दलही त्यानं लिहिलं. त्या काठावरून सायकल हाकताना हे आठवलं की तळं परकं वाटत नाही.

फेरी साधारण ४४० किलोमीटर. सात दिवसांत करायची तर रोज साठहून जास्त. पुण्याहून एका दमात लोणावळा गाठणाऱ्याला हे जमेल, पण तेही सलग सात दिवस, कोरड्या हवेत आणि कडक उन्हात. उत्तर काठावर चोलपोन-अताच्या आसपास रिसॉर्ट आणि उन्हाळ्यात गाड्यांची गर्दी. खरा आनंद कराकोलपासून सुरू होतो. तिथली खिळे न वापरता बांधलेली दुंगान (चिनी मुसलमानांची) मशीद, जेती-ओगुझचे लाल कडे, बार्सकोनचा धबधबा, स्काझ्काची रंगीत घळ, सगळं दक्षिण बाजूला. या काठावर दोन गावांमधलं अंतर मोठं, सायकलचं दुकान मिळणं कठीण. डिरेलर (गिअर बदलणारा भाग) मोडला, टायर फाटला तर मागून येणारी सहलीची गाडी हाच आधार. अवघड दुखापत झाली तर राजधानी बिश्केक दूर आहे. भाषा किरगिझ किंवा रशियन. शाकाहारी असाल तर लगमानमधलं (नूडल्सच्या पदार्थातलं) मांस काढून ताट पुढे करतील, म्हणून आधीच बोलून ठेवणारा माणूस हवा.

वाऱ्याचाही हिशोब आहे. पश्चिमेच्या बूम घळीतून येणारा उलान आणि पूर्वेचा सानताश, दोघंही जोरदार. दक्षिण काठानं पश्चिम टोकाच्या बालिकची गावाकडे परतताना उलान थेट तोंडावर येतो. कुठल्या दिवशी पहाटेच निघायचं, हे स्थानिक माणूसच सांगू शकतो. गाइडचे पैसे इथे वसूल होतात.

पैसे भरण्याआधी सहल कंपनीला हे नक्की विचारा: खरोखर सायकलवर किती किलोमीटर आहेत आणि किती बसमधून? नुसतं 'सरोवराभोवती' म्हटलं म्हणजे पूर्ण फेरी असेलच असं नाही. गाडी सतत मागे असते की फक्त दुपारच्या जेवणाला भेटते? तुमच्या उंचीची सायकल आहे का? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी कंपनी बघा.

दोन्हीकडे वाहनं उजव्या बाजूनं चालतात. पहिले दोन दिवस चौकात आपली सवय दगा देते, म्हणून सायकलला डाव्या बाजूचा आरसा लावून घ्या. आणि फेरी प्रदक्षिणेसारखीच घाला, सरोवर उजव्या हाताला ठेवून, म्हणजे तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये समोरून येणारी वाहनं नसतात.

आई-बाबा किंवा दहा-बारा वर्षांची मुलं सोबत असतील, किंवा ही पहिलीच लांबची सफर असेल, तर बोडनसे. शेंगेन व्हिसाची तारीख मात्र लवकर घ्या, उन्हाळ्यात ती मिळता मिळत नाही. सलग तीन-चार दिवस साठ किलोमीटर आधी मारलेले असतील आणि हाताशी सात नाही, दहा दिवस असतील, तर जून ते सप्टेंबरमध्ये इसिक-कूल. दोन दिवस जास्त मिळाले तर ते कराकोलला द्या. रविवारी पहाटे तिथे जनावरांचा बाजार भरतो, घोडे-मेंढ्यांच्या गर्दीत उभं राहून थंडगार आशल्यान-फू, म्हणजे आंबट-तिखट रश्शातल्या नूडल्स, खायला.