आठ महिने वापरून आरओ मशीन काढलं, त्याचा रिव्ह्यू

आमच्याकडे नळाला पालिकेचं पाणी येतं, घरात आम्ही चौघं. नऊ महिन्यांपूर्वी आरओ (पाणी शुद्ध करायचं मशीन) बसवलं आणि गेल्या महिन्यात काढलं. मशीन बिघडलं म्हणून नाही, मशीन ठणठणीत होतं, सर्व्हिसचा माणूस वेळेवर यायचा, पाण्याची चवही हलकी आणि छान. काढलं कारण आमच्या पाण्याला त्याची गरजच नव्हती, आणि हे कळायला मला सात महिने लागले. तुम्ही घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा प्लीज.

सुरुवात डेमोपासून करते, कारण बहुतेक घरांत मशीन त्या डेमोमुळेच येतं. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, दोन्हीत धातूच्या कांड्या सोडायच्या आणि प्लग लावायचा. मिनिटभरात नळाच्या पाण्याचा ग्लास तपकिरी झाला, वर घाणेरडा थर आला, आरओचं पाणी मात्र होतं तसंच नितळ. आई घाबरून म्हणाली, अगं हे पीत होतो आपण इतकी वर्षं? त्याच दिवशी ऑर्डर दिली.

तर तो तपकिरी रंग पाण्यातल्या घाणीचा नसतोच. कांड्यांमध्ये लोखंडाची कांडी असते, पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं, आपल्याला दिसतो तो त्या कांडीचा गंज. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून वीज वाहत नाही म्हणून काहीच होत नाही, एवढंच. माझी भाची केमिस्ट्री शिकते, तिने लॅबमध्ये आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून हाच प्रयोग केला आणि मला व्हिडिओ पाठवला, ते 'शुद्ध' पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही गडद झालं. तो व्हिडिओ पाहून मला खरंच राग आला. घाबरलेल्या माणसाला असं काही दाखवून विकणं चूक आहे, आणि मी ते इथे स्पष्ट लिहितेय.

मग टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं. मशीनसोबत पेनासारखं एक मीटर फ्री मिळालं होतं. नळाचं पाणी लिटरला १७० मिलिग्रॅम, आरओचं १८. आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं असं आम्ही सगळे धरून चाललो. पण ते मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, साधं मीठ, सगळं त्यात आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६०० च्या खालचं पाणी चवीला चांगलं समजलं जातं आणि १००० च्या पुढे गेलं की पिववत नाही, म्हणजे आमचं १७० आधीच उत्तम होतं.

आणि जे खरं घातक असतं ते या मीटरला दिसतच नाही. जंतू दिसत नाहीत. शिसं घ्या, त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि मीटरचा सगळ्यात लहान आकडा १, म्हणजे शिसं मर्यादेच्या शंभरपट झालं तरी मीटरवर जेमतेम एक आकडा हलेल. आमच्या १७० च्या पाण्यात गटाराचं थोडं पाणी मिसळलं तरी मीटर २०० च्या आसपासच दाखवेल आणि आपण निश्चिंत होऊन पिऊ.

आता रिजेक्टचं पाणी, म्हणजे शुद्ध करताना आरओ जे बाहेर टाकून देतं ते. ती बारीक पांढरी नळी सिंकमध्ये सोडलेली असते, त्यामुळे किती जातंय ते कधी लक्षात येत नाही. एका रविवारी मी ती बादलीत सोडली, १ लिटर पाणी मिळेपर्यंत बादलीत ३ लिटर जमलं होतं. पिण्याला आणि स्वयंपाकाला आम्हाला दिवसाला साधारण १५ लिटर लागतं, म्हणजे रोज ४५ लिटर सिंकमधून खाली, वर्षाचा हिशोब केला तर १६,००० लिटरच्या वर. त्या बादलीत मी सहज मीटर बुडवलं तर आकडा आला २२०. म्हणजे जे आम्ही 'खराब' म्हणून ओतत होतो ते टीडीएसच्या हिशोबाने ६०० च्या पुष्कळ खाली होतं! नुसती बसून राहिले मी त्या बादलीकडे बघत. त्या दिवसापासून नळी बादलीतच ठेवली, लादी पुसायला, फ्लशला सगळं तेच पाणी वापरलं. पण रोज ४५ लिटर लादी कोण पुसतं, बादल्या भरून उरायच्याच.

मग मी क्लोरीन तपासायचं छोटं किट आणलं आणि खरी गोष्ट तिथे कळली, माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात कामाची खरेदी हीच. गोळी टाकली की पाणी गुलाबी होतं, रंग चार्टशी जुळवायचा. नळापर्यंत पोचताना पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक असायला हवं, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम, कारण वाटेत पाइपमध्ये काही शिरलं तर तेच आपल्याला वाचवतं. बाहेरच्या मेन लाइनच्या नळाला ०.४ च्या जवळ रंग आला. किचनच्या नळाला, म्हणजे आमच्याच टाकीतून येणाऱ्या पाण्याला, रंगच नाही. पालिकेने नीट पाठवलेलं पाणी आमच्या टाकीत येऊन उघडं पडत होतं. वर जाऊन पाहिलं तर तळाला बोटभर गाळ आणि झाकणाला एका बाजूने फट.

टाकी धुतली, पण पाणी ओतून नाही दिलं, दोन दिवस मेन लाइनचा व्हॉल्व्ह बंद ठेवून आहे तेच पाणी वापरून संपवलं, मग गाळ काढला, घासली, क्लोरीनच्या पाण्याने धुतली, झाकण बदललं. आठवड्याने किचनच्या नळाला फिका गुलाबी रंग आला. मला इतका आनंद झाला की सगळ्यांना बोलावून दाखवला.

आरओबद्दल अजून एक, मेम्ब्रेनला (क्षार अडवणाऱ्या आतल्या पडद्याला) क्लोरीन चालत नाही म्हणून त्याच्या आधीचा कार्बन फिल्टर ते काढून टाकतो. मशीनच्या पोटातल्या टाकीत जे पाणी दिवसभर साठतं त्याला कसलंही संरक्षण उरत नाही, त्यामुळे ती टाकीही साफ करून घ्यावी लागते. आमच्याकडे सर्व्हिसला फिल्टर बदलायचे पण टाकी कुणी उघडलीच नाही, मी विचारलं तेव्हा पहिल्यांदा उघडली.

सध्या गाळाचा फिल्टर, कार्बन आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा) असं साधं मशीन आहे. पाणी वाया जात नाही. यूव्हीचं एकच सांभाळायचं, पाणी नितळ हवं, कारण गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात, आणि दिवा निळा दिसत असला तरी वर्षभरात त्याची ताकद कमी होते तेव्हा बदलायचाच. कार्बनमुळे इथेही क्लोरीन जातं, म्हणून भरून ठेवत नाही, लागेल तसं घेतो.

सोबत नळाला एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी जाळी) लावले, बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं तर मिनिटाला १० लिटर यायचं ते ५ वर आलं. भांडी घासताना, हात धुताना फरक लगेच जाणवतो. बादली भरायच्या नळाला लावू नका, बादली तेवढीच भरते, फक्त वेळ जातो. आणि फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा, फ्लश न करता खाली रंग उतरला तर गळती आहे. आमच्याकडे उतरला, रबराचा वॉशर बदलल्यावर थांबला.

जुनं आरओ भंगारात घातलं नाही. ओळखीच्या एका घरी फक्त बोअरचं पाणी आहे, मीटरवर १४०० येतं, चहासुद्धा खारट लागायचा. पाण्यात आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट मर्यादेबाहेर असेल किंवा असं खारं पाणी असेल तर आरओचा खरंच उपयोग होतो, तिथे लॅबमध्ये पाणी तपासून घ्यायचं आणि बसवायचं. त्यांनी तपासून घेतलं, मग आमचं मशीन नेलं, नवीन मेम्ब्रेन टाकला आणि रिजेक्टची नळी पहिल्याच दिवशी थेट फ्लशच्या ड्रमला जोडून घेतली.