आठ महिन्यांनंतर: रीळ चांगलं आहे, पण रोलर बघून घ्या

आधीच सांगते, मासे धरायच्या काठीवरचं हे रीळ मी अजून वापरते आहे आणि विकणार नाही. पण दोन महिन्यांपूर्वी लिहायला बसले असते तर ‘चुकूनही घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं. तेव्हा गळाला लागलेला तांबोशी मासा नुकताच हातचा गेला होता आणि दुरुस्ती केंद्रातून रीळ जसं गेलं तसंच परत आलं होतं.

रीळ स्पिनिंगचं, ३००० आकाराचं, ५.२:१ गिअरचं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला दोऱ्याचे पाचेक वेढे. बाकीचे आकडे खोक्यावर असतातच. सोबत सात फुटी मध्यम काठी आणि ५ किलोचा ताण सोसणारा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. आठवड्यातून एकदा, कधी तलावावर, कधी खाडीच्या काठाला.

मी गळ टाकायला जाते ती डोकं शांत व्हावं म्हणून. आमिष तळाला टेकलं की दोरा तर्जनीवर घ्यायचा आणि बसायचं. थोड्या दिवसांत बोटाला सगळं कळायला लागतं. खेकडा असेल तर दोरा जड होतो आणि सावकाश सरकतो. बारका मासा टकटक करून आमिष कुरतडतो. मोठा मात्र एकदाच दणका देतो आणि निघतो. त्या तासाभरात दुसरा कुठलाही विचार मनात टिकत नाही. हे सुख मला दुसऱ्या कशातून मिळालेलं नाही.

म्हणून तिसऱ्या महिन्यात रीळ चिरकायला लागलं तेव्हा मला ते फार लागलं. हँडल फिरवलं की चीं-चीं-चीं. आवाज बारीक, पण पहाटेच्या पाण्यावर तेवढाच ऐकू यायचा. पाठोपाठ दोऱ्याला पीळ पडायला लागला. फेकताना स्पूलवरून, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या चक्रीवरून, वेटोळी सुटायची आणि गुंता हातात यायचा.

मी दोष दिला तंगूसाला. बदलला, पुन्हा तेच. मग दोष दिला ड्रॅगला, म्हणजे मासा जोरात ओढेल तेव्हा दोरा तुटू न देता सुटू देणाऱ्या ब्रेकला, आणि तिथे निम्मी चूक माझीच निघाली. मासा दोरा ओढत असताना, ड्रॅग सुटत असताना, मी हँडल फिरवत राहायचे. अशा वेळी दोरा आत येतच नाही, नुसता पीळ भरतो, हँडलच्या एका फेऱ्याला पाचेक. मासा पळतोय तोवर हँडल सोडायचं, काठी वर धरायची, तो थांबला की काठी खाली नेत गुंडाळायचं. ही सवय लागल्यावर पीळ बराच कमी झाला. ड्रॅगही ताणकाट्याला दोरा बांधून तपासला. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवावा असा नियम आहे. मी दीड किलोवर लावला तर काटा न थरथरता तिथेच राहिला. ड्रॅगबद्दल त्या दिवसात मी जे वाईटसाईट बोलले ते सगळं मागे घेते. या रिळातला तो सर्वांत चांगला भाग आहे.

चीं-चीं मात्र थांबली नाही.

पाचव्या महिन्यात खाडीत तांबोशी लागली. दीडेक किलोची असावी, पहिल्या ओढीत वर दिसली होती. दोनदा पळाली, दोन्ही वेळा ड्रॅगने नीट दोरा दिला. तिसऱ्यांदा काठाजवळ आली आणि काठी एकदम हलकी झाली. गाठ सुटली असेल म्हणून दोरा ओढून बघितला, तर गाठीपासून चांगला चार हात वर तुटला होता. तिथला तंगूस दोन बोटांत धरून ओढला तर खरखरीत लागला, कानशीवरून गेल्यासारखा. मासा गेल्याचं दुःख होतंच, त्याहून जास्त वाईट वाटलं ते गळ तोंडात घेऊन गेली याचं.

रीळ दुरुस्तीला दिलं. तीन आठवड्यांनी परत आलं, सोबत चिठ्ठी: ‘तपासले, दोष आढळला नाही.’ आवाज तसाच. फोन केला तर म्हणाले, “मॅडम, खाऱ्या पाण्यात वापरलंय ना? मग वॉरंटीत बसत नाही.” मी म्हटलं, “अहो, खोक्यावर खाऱ्या पाण्यासाठी असं तुम्हीच छापलंय की.” त्यावर, “ते बॉडीबद्दल आहे.” मग दोष नाही की दोष आहे पण वॉरंटी नाही, एवढं तरी ठरवा म्हटलं. फोन दुसऱ्याकडे गेला आणि तिथेच कट झाला.

नवीन रीळ घ्यायचं नाही हे मी त्याच रात्री ठरवलं. आठ महिनेही न झालेली वस्तू टाकून देणं माझ्या स्वभावात नाही.

दुसऱ्या दिवशी उजेडात बसून एकेक भाग हलवून बघितला आणि लाइन रोलरपाशी थांबले. दोरा स्पूलवर वळवणारी जी उघडमीट होणारी तार असते, बेल म्हणतात ती, तिच्या टोकाला असतो तो, हरभऱ्याएवढा. दोरा त्याच्यावरून आत येतो. बोटाने फिरवला, फिरेना. उन्हात तिरका धरला तर त्याच्या मधोमध केसाएवढी खाच दिसली. स्क्रू काढला. वॉशर, बुश, मग इवलंसं बेअरिंग, आणि त्यात मिठाचा पांढरट-हिरवा थर. ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं. रोलर जागेवर अडकलेला, आणि माझा दोरा महिनोन् महिने त्या खाचेतून घासत जात होता.

हा भाग एवढा का लावून धरते आहे ते सांगते. स्थिर स्पूलचं रीळ, म्हणजे हेच स्पिनिंगचं, ज्याचं पेटंट आल्फ्रेड इलिंगवर्थ या कापडगिरणीच्या धंद्यातल्या इंग्रज गृहस्थाने १९०५ मध्ये घेतलं, त्याची सगळी गंमतच ही की गुंडाळताना स्पूल फिरत नाही, दोरा त्याच्याभोवती फिरवला जातो. पण त्यासाठी दोऱ्याला एका ठिकाणी काटकोनात वळावं लागतं, आणि ते ठिकाण म्हणजे हा रोलर. माशाचा सगळा जोर तिथूनच जातो. गिअर, हँडल, स्पूल सगळं झकास करायचं आणि नेमक्या या बेअरिंगला पाणी अडवणारं साधं सीलसुद्धा द्यायचं नाही, हे मला अजून पटलेलं नाही. वर नुसता रोलर विकत मिळत नाही, पूर्ण बेलचा हात घ्या म्हणतात.

बेअरिंग स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवलं, जुन्या ब्रशने घासलं, दातकोरणीवर लावून फुंकलं तर भिरभिरलं. रोलर एका ओळखीच्यांच्या निकामी रिळातून मिळाला, बरोबर बसला. ग्रीस भरलं नाही, तेलाचा एक थेंब. आता खाडीवरून आलं की ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरते, पुसते, ड्रॅग सैल सोडते आणि रोलरला पुन्हा एक थेंब. बेल हँडलने न पाडता हाताने मिटते.

त्यानंतरच्या पहिल्याच पहाटे दोरा आत घेताना काहीच ऐकू आलं नाही. फक्त तंगूसावरचं पाणी निथळून बुटावर पडत होतं, टप, टप. मी उगाचच चार-पाच वेळा जास्तीचा फेकला.

त्याच दिवशी तांबोशी मिळाली, किलोभराची. काठावरच कल्ल्याची शीर कापून रक्त जाऊ दिलं आणि बर्फात थोडं पाणी घालून त्यात बुडवली. नुसत्या बर्फाचे खडे माशाला जागोजागीच टेकतात, बर्फाचं पाणी सगळीकडून लागतं आणि मासा लवकर गार होतो. पूर्वी मी घरी आल्या आल्या तव्यावर टाकायचे आणि तुकडे आकसून वाकडे व्हायचे. ताज्या माशाचे स्नायू ताठरतात, म्हणून तसं होतं. आता आतडी काढून, स्वच्छ करून एक दिवस बर्फात ठेवते. इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खवले काढलेली कातडी फडक्याने टिपून अगदी कोरडी केली, दोन्ही बाजूंना तीन चिरा, मीठ, थोडं तेल. तवा चांगला तापल्यावर मासा ठेवला आणि हात लावला नाही. आधी चिकटतो, उचलायची घाई केली तर कातडी तिथेच राहते. कडा सोनेरी झाल्यावर आपोआप सुटतो. मधल्या काट्यापाशी सुरीचं टोक घालून बघितलं, मांस काचेसारखं दिसायचं थांबून पांढरं झालं होतं. उतरवला आणि वर लिंबू. कातडी कुरकुरीत, आतलं मांस पाकळ्या-पाकळ्यांनी सुटणारं. घरात कोणी बोललं नाही, ताटात फक्त काटा राहिला.

घेणार असाल तर दुकानात ड्रॅग बघू नका, तो चांगलाच आहे. कापसाचा बोळा रोलरवरून ओढा. रोलर सोबत फिरला तर घ्या, बोळा नुसता घसरला तर दुसरा नग मागा. सुटा रोलर विकायला ठेवा म्हणून कंपनीला तिसरं पत्र पाठवलं आहे. उत्तर आलं तर कळवेन.