मिरजेतून गणपती पेठेतला संगणक चालवताना : क्रोम रिमोट डेस्कटॉप

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका घाऊक व्यापारी कंपनीचे हिशेब मी पाहते आणि राहायला मिरजेत आहे. एरवी हे अंतर जाणवत नाही. परंतु वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दीड महिना घर सोडणे अवघड झाले, तेव्हा ऑफिसचा संगणक घरून चालवण्याची सोय शोधावी लागली. घरच्या लॅपटॉपवर टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम टाकून घे, असे अनेकांनी सुचवले. पण आमचा परवाना एकाच संगणकापुरता आहे आणि परवान्याविना टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते, जिथे महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखांच्याच नोंदी करता येतात. त्यामुळे टॅली घरी आणण्यापेक्षा आपणच ऑफिसात जाऊन बसल्यासारखे काम करणे हा एकच मार्ग उरला.

ऑफिसच्या संगणकावर विंडोज प्रो असल्याने मी आधी विंडोजचाच रिमोट डेस्कटॉप वापरून पाहिला. (विंडोज होम असलेल्या संगणकावर बाहेरून असे शिरता येत नाही, हे विकत घेतानाच लक्षात ठेवावे.) चित्र स्वच्छ दिसते, घरच्या प्रिंटरवर छपाई होते आणि ऑफिसातला पडदा कुलूपबंद राहतो, या तिन्ही गोष्टी उत्तम आहेत. मात्र तो इंटरनेटवरून वापरायचा तर व्हीपीएन, म्हणजे घर आणि ऑफिस यांना जोडणारी खासगी, सुरक्षित वाट, उभारावे लागते. ते टाळून राउटरवर या सेवेचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट उघडे ठेवणे म्हणजे पेढीचे दार रात्रभर सताड उघडे ठेवण्यासारखे आहे. व्हीपीएनचीही व्यवस्था मी करून घेतली, पण गाडी अडली ती डिजिटल सहीपाशी. आमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्याने जीएसटीचे विवरणपत्र संचालकांच्या डीएससी टोकननेच (डिजिटल सही साठवलेल्या, पेनड्राइव्हसारख्या यूएसबी उपकरणाने) सही करून भरावे लागते आणि ते टोकन ऑफिसच्या संगणकाला लावलेले असते. विंडोजच्या रिमोट सत्रात मात्र संगणक टोकन शोधतो ते आपण जिथे बसलो आहोत त्या यंत्रावर. स्वतःला लावलेले टोकन त्याला दिसतच नाही. विवरणपत्राची वीस तारीख तोंडावर आलेली, टोकनची सही उमटवणारा एमसायनर प्रोग्राम चालू आणि सहीच्या जागी रिकामी यादी, असा तासभराचा अनुभव घेतल्यावर मी पर्याय बदलला.

क्रोम रिमोट डेस्कटॉप ही गूगलची मोफत सेवा आहे. ऑफिसच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवायचा, किमान सहा अंकी पिन ठरवायचा आणि घरी क्रोममध्ये त्याच गूगल खात्याने प्रवेश करून तो पिन द्यायचा, एवढीच तयारी लागते. राउटरला हात लावावा लागत नाही. ही सेवा वेगळे सत्र न उघडता ऑफिसच्या पडद्यावर जे आहे तेच आपल्याला दाखवते, म्हणून टोकन तिथल्या यूएसबीत असले की सही बिनबोभाट होते. माझ्या लेखी या एका गुणाने तिचे निम्मे दोष माफ आहेत.

उरलेले निम्मे मात्र सांगायला हवेत, आणि त्यांतला सर्वांत मोठा याच गुणाच्या पोटातून येतो. आपण घरी जे उघडतो ते ऑफिसातल्या मॉनिटरवर जसेच्या तसे दिसते. पहिल्याच दिवशी मी पगारपत्रक उघडून बसले असताना आमच्या शिपाईमामांचा फोन आला, “ताई, तुमचा कंप्युटर आपोआप चालायलाय, बटन बंद करू का?” त्यांनी विचारले हे माझे नशीब, पण तोवर बाण कोणाकोणाच्या पगारावरून फिरला हे आणखी दोघांनी पाहिले असणार. तेव्हापासून निघताना मॉनिटर बंद करून यायचा नियम मी केला आहे, तरी तो कोणीही चालू करू शकतो, म्हणून पगाराचे काम घरून करत नाही.

छपाई घरच्या प्रिंटरवर होत नाही. पीडीएफ करून बाजूच्या पट्टीतल्या पर्यायाने फाइल उतरवून घ्यावी लागते. टॅलीच्या कळांचाही थोडा घोटाळा होतो. कॅल्क्युलेटरसाठी सवयीने कंट्रोल-एन दाबले की घरच्या क्रोमचीच नवी खिडकी उघडते. संपूर्ण पडदा करून काम केले की हा त्रास जातो, आणि टॅलीत ज्या एस्केपवाचून पान हलत नाही ती कळही नीट पोहोचते. पूर्ण पडद्यातून बाहेर पडायचे असेल तरच ती दाबून धरायची.

सेवेपेक्षा जास्त छळले ते आमच्याच ऑफिसने. संगणक झोपी जाऊ नये म्हणून स्लीप बंद केले, तरी वीज गेली आणि यूपीएस संपला की तो बंद होतो आणि कोणीतरी बटन दाबेपर्यंत तसाच राहतो. यावर उपाय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, सापडला : वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय तिथे असतो, आणि विंडोजचा पासवर्ड अजून टाकलेला नसला तरी ही सेवा जोडली जाते.

दुसऱ्याला तात्पुरता प्रवेश देण्यासाठी बारा अंकी कोडचीही सोय यात आहे. अशा दूरनियंत्रणाच्या ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. तेव्हा फोनवरून कोड मागणाऱ्या अनोळखी माणसाला तो देऊ नये. गूगल खात्याला दुहेरी पडताळणी लावणेही तितकेच आवश्यक आहे, कारण त्या खात्याच्या आणि सहा अंकांच्या पलीकडे सगळी खातेवही आहे.

पुराच्या दिवसांत याचा उपयोग होईल असे आमच्या साहेबांना वाटते. मला वाटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली, तेव्हा पेठेत वीज नव्हती आणि संगणक वरच्या मजल्यावर पोत्यांच्या थप्पीवर होते. असे झाले तर मिरजेतून मला यादीत ऑफिसच्या संगणकाच्या नावाखाली ‘ऑफलाइन’ एवढेच दिसेल. म्हणून जुलै लागला की दर शनिवारी टॅलीचा बॅकअप हार्ड डिस्कवर घेऊन मी तो पर्समधून घरी आणते.