मॅक्सिमा: उत्तर नावाने साठवायचं तर कोलनच

नागपुरात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असाल तर फुकट मिळणारं मॅक्सिमा हे गणित सोडवणारं सॉफ्टवेअर जरूर घ्या. फक्त एक खोच आधी समजून घ्या: निकाल नावाने साठवायला कोलन लागतो. बरोबरचं चिन्ह दिलं तर नुसतं समीकरण तयार होतं, साठत काहीच नाही, आणि चूकही दाखवली जात नाही!

क्ष² − ५क्ष + ६ = ० सोडवून सॉल्व्ह या समीकरण सोडवणाऱ्या आज्ञेचा निकाल ‘मूळ’ या नावात ठेवला, तर आत २ आणि ३ हे सुटे आकडे नसतात; ‘क्ष = २’, ‘क्ष = ३’ अशा समीकरणांची यादी असते. त्यातलं एक उचलून आरएचएस (समीकरणाची उजवी बाजू देणारी आज्ञा) लावा, मग आकडा हाती येतो. क्षलाच आधी किंमत दिली असेल तर सॉल्व्ह अडतं. ती किंमत किल ही आज्ञा वापरून पुसा. टक्केचिन्हावर विसंबू नका, ते फक्त शेवटचा निकाल देतं.