एअर पिस्तूल आणि खासगी शूटिंग रेंज : वर्षभर वापरल्यावर

सोसायटीच्या लिफ्टपासून ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत सगळे एकच विचारतात, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. नाही, एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. ०.१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर कॅलिबरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअरगन २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे विनापरवाना घेता येते. १० मीटर स्पर्धेचं पिस्तूल या मर्यादेच्या बरंच खाली असतं. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे जेमतेम पाच-सहा ज्यूल. डोळा मात्र तेवढ्यानेही जातो, तेव्हा खेळणं समजून कोणी घेऊ नये. दुकानदाराने आधार आणि पॅनची प्रत घेतली, पक्कं बिल दिलं. त्या बिलाची झेरॉक्स आणि रेंजचं ओळखपत्र पिस्तुलाच्या पेटीत कायम असतं आणि पेटीला कुलूप असतं. नाकाबंदीत कधी डिकी उघडायला लावलीच, तर तिथे उभं राहून खेळाचे नियम समजावण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं.

मी छंद म्हणून खेळते. वय पंचेचाळिशीच्या पुढे, पदकाचा विचार नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडच्या खासगी रेंज माझ्यासारख्यांसाठी काढलेल्याच नसतात. माझी रेंज पुण्यात आहे, एका व्यापारी इमारतीच्या तळघरात, आठ लेनची. संध्याकाळी पाचनंतर तिथे शाळकरी मुलं आणि मागच्या बाकांवर त्यांचे आईवडील असतात. दहावी-बारावीचे क्रीडा गुण, कॉलेजचा स्पोर्ट्स कोटा, जिल्हा आणि राज्य स्पर्धेच्या तारखा, बोलणं सगळं त्याचंच. मालक सांगतात की २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवल्यावर चौकशीचे फोन थांबेनात. खरंच असणार. पण प्रशिक्षकाचं लक्ष कुणाकडे असेल हे यावरून समजून घ्या. संध्याकाळच्या बॅचमध्ये प्रौढ हौशी माणूस म्हणजे लग्नातला लांबचा पाहुणा. जेवायला वाढतात, पंगतीचं विचारत नाहीत.

म्हणून मी सकाळी सातची वेळ घेतली. तेव्हा आम्ही तिघं-चौघं असतो. एक निवृत्त बँक अधिकारी, एक दंतवैद्य आणि कॉलेजची एक-दोन मुलं, जी मला काकू म्हणतात आणि माझा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा छर्ऱ्यांचा पुंजका, पसरला की फार अदबीने दुसरीकडे बघतात. सकाळची फी महिन्याला साडेतीन हजार, छर्रे आणि कागदी टार्गेट वेगळं. संध्याकाळपेक्षा हजारभर कमी. प्रशिक्षक सकाळी आठवड्यातून दोनदाच येतो, पण आला की पूर्ण वेळ आपला.

पिस्तूल लगेच घेतलं नाही. पहिले काही महिने क्लबचंच वापरलं. दर वेळी वेगळ्या हाताला बसलेली ग्रिप, कुणीतरी फिरवून ठेवलेली साइट, म्हणजे नेम धरायची खूण. तरी तेवढा काळ काढाच असं मी म्हणेन, कारण आयात केलेलं पीसीपी (आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारं) पिस्तूल नवं घ्यायचं तर दीड लाखाच्या पुढेच जातं. मी स्टायर कंपनीचं एलपी १० हे मॉडेल वापरलेलं घेतलं. वापरलेलं घेताना बॅरलपेक्षा आधी सिलिंडरवरची तारीख बघा. हवेच्या सिलिंडरचं आयुष्य उत्पादनापासून १० वर्षं धरतात, मोठ्या स्पर्धेत उपकरण तपासणीला ती तारीख बघतात, आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो. विकणारा सहसा ट्रिगरचं कौतुक करत असतो, तारखेचं काही बोलत नाही.

पिस्तूल कसं आहे? उत्तम, आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. यंत्र कधीच चुकत नाही, ही त्याची सगळ्यात त्रासदायक गोष्ट. ट्रिगर नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम ओढीचा, दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा संपल्याचं बोटाला स्पष्ट कळतं. वजन किलोच्या आसपास. पहिल्या महिन्यात खांदा बोलतो, मग गप्प होतो. एका भरण्यात दीडशेच्या वर छर्रे निघतात. हवा रेंजवरच्या मोठ्या स्कूबा टाकीतून भरते. घरी हातपंप ठेवायच्या फंदात पडले नाही, पावसाळ्यात त्यातून हवेबरोबर ओलही आत जाते. खरं काम ग्रिपवर झालं. मीडियम ग्रिप माझ्या हाताला मोठी होती, स्मॉल मिळायला वेळ लागला, आणि ती आल्यावरही अंगठ्याखाली थोडं लाकूड घासून, तळव्याच्या पोकळीत लाकडाची पुट्टी भरून तिला आकार द्यावा लागला. आता ते सुंदर अक्रोडी लाकूड घरगुती डागडुजी केल्यासारखं दिसतं, पण डोळे मिटून हात उचलला आणि उघडले तर दोन्ही साइट एका रेषेत असतात. पिस्तुलातलं याहून महत्त्वाचं काही मला सापडलेलं नाही.

याचं कारण साधं भूमितीचं आहे आणि ते कळल्यावर खेळच बदलतो. मागच्या, खाचेच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंतचं, म्हणजे माशीपर्यंतचं अंतर धरा ३२ सेंटीमीटर. माशी खाचेत एक मिलिमीटर डावीकडे सरकली, तर १० मीटरवर छर्रा ३० मिलिमीटरहून जास्त डावीकडे जातो. टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटर बाहेर. म्हणजे जवळजवळ चार वर्तुळं गेली, दहाचा सात किंवा सहा झाला. उलट दोन्ही साइट नीट जुळलेल्या असताना अख्खा हातच एक मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. त्यामुळे हात हलतो याची भीती बाळगू नका, तो सगळ्यांचाच हलतो. नजर माशीवर ठेवायची, काळं वर्तुळ धूसर दिसू द्यायचं, आणि त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात ती माशी तरंगू द्यायची.

आणि इथेच चाळिशी आडवी येते. माझा जवळचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा. माशी असते हाताच्या लांबीवर, जवळजवळ मीटरभर लांब. लांबच्या नंबराने माशी धूसर, जवळच्याने टार्गेट गायब. नेत्रतज्ज्ञांकडे पेटीसकट गेले. (आधी फोन करून विचारलं होतं, उगाच गोंधळ नको.) लांबच्या नंबरात अर्धा प्लस वाढवून नेमबाजीसाठी वेगळा चष्मा केला, साध्याच फ्रेममध्ये. परदेशी शूटिंग फ्रेमच्या किमती बघून नुसताच चहा घेतला. दुसरा डोळा मिटून चेहरा आवळण्यापेक्षा त्याच्यापुढे पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी लावली. स्पर्धेच्या नियमात ती ३० मिलिमीटरपर्यंत रुंद चालते. या हजार-बाराशेच्या खर्चाने माझा स्कोर जेवढा वाढला तेवढा पिस्तुलाने वाढला नाही.

स्कोर विचाराल तर ६० छर्ऱ्यांत, म्हणजे ६०० पैकी, ५३० च्या आसपास रेंगाळते. पॅरिसच्या पात्रता फेरीत मनू भाकरने ५८० मारले होते. २०१८ पासून महिलांनाही पुरुषांसारखेच ६० असतात, आधी ४० होते, आणि शेवटच्या २० मध्ये दंडाला जे होतं ते बघता जुना नियम मला फारच समजूतदार वाटतो.

आता तक्रारी. रेंजच्या जाहिरातीत इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहेत. आहेतही, पण दोनच लेनवर, आणि त्या स्पर्धा जवळ आली की मुलांना राखून. बाकी सगळं कागदी टार्गेट, मोटरच्या दोरीवर ये-जा करणारं, त्यातली एक मोटर पावसाळाभर बंद. मला कागदाचं वावडं नाही, उलट भोकं मोजून वहीत लिहायला आवडतं. पण पैसे घेताना जे दाखवलं ते मिळालं पाहिजे. प्रकाशही तपासून घ्या. टार्गेटवर १५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मोबाइलवरचं मोजमाप काही फार अचूक नसतं, तरी आमच्या कडेच्या लेन त्याच्या पुष्कळ खाली निघाल्या. सांगितल्यावर दोन दिवे बदलले, हेही नोंदवते. हवा खेळती नाही ही तक्रार जास्त गंभीर. छर्रे शिशाचे असतात, आणि शिसं हातावाटे पोटात जाणं चांगलं नाही. बेसिनला साबण नसेल आणि लेनच्या मागेच वडापावची पुडी सोडलेली दिसली, तर मी तिथे मूल घालणार नाही. आमच्याकडे साबण आता आम्हीच आणून ठेवतो.

एका बाबतीत मात्र रेंजला पूर्ण गुण. शिस्त. लेनवर नसलेल्या प्रत्येक पिस्तुलाच्या नळीतून नारिंगी सेफ्टी दोरी आरपार दिसलीच पाहिजे. कुणी टार्गेटच्या बाजूला जाणार असेल तर सगळ्यांची हत्यारं टेबलावर, हात मागे. एका पालकाने मोबाइलवर फोटोसाठी पोरीला पिस्तूल वर धरायला सांगितलं, तेव्हा प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर त्यांना जिना दाखवला. नवी रेंज बघायला जाल तेव्हा तासभर मागे बसा आणि हेच बघा.

घरचा सराव फुकट असतो आणि तोच जास्त लागतो. स्पर्धेच्या पिस्तुलात छर्ऱ्याशिवाय, हवेशिवाय नुसता ट्रिगर चालवायची सोय असते. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून वीस मिनिटं तेवढंच करायचं. खिडकीचा पडदा लावून, बरं का. समोरच्या इमारतीतल्या आजोबांना काय दिसतं याचा विचार आपणच करायचा. कंटाळवाणं आहे. ज्यांना याचा खरोखर कंटाळा येतो त्यांनी पिस्तूल घेऊ नये, क्लबच्या पिस्तुलावर महिन्यातून दोनदा मजा करावी.

खऱ्या बंदुकीकडे जायचं का, असं मंडळी विचारतात. पॉइंट टू टूला, म्हणजे ०.२२ कॅलिबरच्या गोळीच्या बंदुकीला, परवाना लागतो, शहरात पोलिस आयुक्तालयाकडे अर्ज, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २५ आणि ५० मीटरच्या रेंज तळघरात मावत नाहीत. त्यासाठी पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी. गोळ्यांचा खर्च छर्ऱ्याच्या कित्येक पट. मला तरी ५३० चे ५५० होईपर्यंत त्या वाटेला जायचं कारण दिसत नाही. सभासदत्वाचं नूतनीकरण केलं आहे, सकाळचीच वेळ, आणि या वेळी पावतीवर लेन क्रमांक लिहून घेतला, खिडकीकडून तिसरी, जिथे दिवे नवे आहेत.